चहाच्या टपरीवर शिकलं जाणारं भौतिकशास्त्र

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गात आम्ही २६ जण होतो, त्यांत मुली चौघी. परीक्षा संपली आणि वर्गातली सहा मुलं मुंबईच्या एका संशोधन संस्थेत दोन महिन्यांच्या उन्हाळी प्रकल्पासाठी निघून गेली. असा काही प्रकल्प असतो, त्याचा फॉर्म असतो आणि तो जानेवारीतच भरायचा असतो, हे आम्हा चौघींना मे महिन्यात कळलं. विभागाच्या सूचनाफलकावर ती सूचना लागलीच नव्हती. कुणी मुद्दाम लपवलीही नव्हती. वरच्या वर्गातल्या एका मुलाने ती विभागामागच्या चहाच्या टपरीवर सांगितली होती, रात्री नऊच्या सुमाराला. त्या वेळी त्या टपरीवर आमच्यापैकी कुणीच असणं शक्य नव्हतं. दोघी वसतिगृहात होत्या, तिथलं फाटक साडेसातला बंद व्हायचं. एक जण रोज एसटीने तालुक्याच्या गावाहून ये-जा करायची. मी मामाकडे राहायचे, दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं या अटीवर.

त्या सहा जणांपैकी तिघांनी पुढे पीएचडी केली. आमच्यापैकी मी एकटीने केली, तीही बारा वर्षं कॉलेजात शिकवून झाल्यावर. आणि बाकीच्या तिघींमध्ये एक अशी होती, जिच्याकडून अख्खा वर्ग क्वांटम मेकॅनिक्सची गणितं समजून घ्यायचा. तिचं काय झालं हे विचारलं की लोक म्हणतात, लग्न झालं. लग्न त्या सहा मुलांचंही झालं.

भौतिकशास्त्रातल्या मुलींना आधार द्यायला हवा असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात सहानुभूतीचं चित्र येतं: कुणीतरी मोठं माणूस पाठीवर हात ठेवतं, धीर देतं. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. विद्यापीठात हा विषय वर्गात जेवढा शिकला जातो, तेवढाच, कदाचित जास्त, वर्गाबाहेर शिकला जातो. टपरीवर, वसतिगृहाच्या खोलीत, प्रयोगशाळा बंद झाल्यावर जिन्यात उभं राहून. जॅमची, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी कुठल्या पुस्तकातून करायची, टीआयएफआरच्या, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, प्रवेश परीक्षेत कसले प्रश्न येतात, तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी शिफारसपत्र कुणाकडे मागावं, कुठला गाईड विद्यार्थ्याला पाच वर्षांत मोकळं करतो आणि कुठला नऊ वर्षं अडकवतो, कुठल्या लॅबमध्ये मुलींनी जाऊ नये. यातलं काहीही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. तरी करिअर यावरच उभं राहतं. ज्याला ही माहिती मिळते त्याला ती फुकट मिळते, म्हणून आपल्याला काही मिळालं आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. आधार किंवा सोबत म्हणजे माझ्या लेखी हा माहितीचा रस्ता. तो बांधणं हे संस्थेचं काम आहे, जसं प्रयोगशाळेत वीज आणि पाणी आणणं हे संस्थेचं काम आहे.

आणि फक्त माहितीच नाही. भौतिकशास्त्र हा चुकत चुकत, मोठ्याने बोलत शिकायचा विषय आहे. फळ्यासमोर उभं राहायचं, चुकीचं समीकरण मांडायचं, दुसऱ्याने ‘अगं, इथे चिन्ह उलटं झालं’ म्हणायचं, मग पुढे जायचं. जिथे चुकायची भीती वाटत नाही तिथेच हे होतं. वर्गात एकटी असलेली मुलगी चुकली तर ती चूक तिची राहत नाही, ती ‘मुलींची’ होते. म्हणून ती उत्तर पक्कं येत असल्याशिवाय तोंड उघडत नाही. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉसलिन बेल बर्नेल ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या ऑनर्सला होत्या तेव्हा पन्नासेक जणांच्या वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या. त्या व्याख्यानाला आत शिरल्या की मुलं शिट्ट्या मारायची, पाय आपटायची, बाकं वाजवायची. लाजेने लाल व्हायचं नाही, हे आपण तिथे शिकलो असं त्यांनी सांगितलं आहे. १९६७ मध्ये याच बाईंनी पल्सारचा, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचा, पहिला संकेत ओळखला. पुढे २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी ती सगळी रक्कम भौतिकशास्त्रात ज्यांची संख्या कमी आहे अशा विद्यार्थ्यांच्या पीएचडी शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. मला त्या निर्णयात मोठा अर्थ दिसतो. आपल्याला एकटीने जे सोसावं लागलं ते पुढच्या कुणाला एकटीने सोसावं लागू नये, एवढं त्यांना पुरेपूर कळलेलं होतं.

आपल्याकडे मात्र एकटीने सोसलं याचंच कौतुक फार होतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट घ्या. दर आठ मार्चला ती सांगितली जाते. तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीला पहिल्या आल्या. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे, त्यांनी अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाची भाषा केली, आणि शेवटी अटींवर प्रवेश मिळाला: वर्षभर पारखून बघू, गाईड सांगेल तेव्हा रात्रीही काम करावं लागेल, आणि तुझ्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. गोष्ट इथे थांबते, टाळ्या पडतात, जिद्दीचे गोडवे गायले जातात.

यातला एक तपशील सांगायचा राहून जातो. कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे त्याच टाटा इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीच्या काळातले रसायनशास्त्राचे विद्यार्थी. म्हणजे ती संस्था काय आहे, तिथे प्रवेश कसा मिळतो, नकार मिळाला तर तो अंतिम मानायचा नसतो, संचालकाच्या दारात जाऊन उभं राहता येतं, हे माहीत असलेली दोन माणसं घरातच होती. जिद्द होतीच, ती मी एका कणानेही कमी करत नाही. पण जिद्दीला वाट दाखवणारं कुणीतरी होतं. ही बाजू आपण मुलींना सांगत नाही. त्यामुळे ऐकणारी मुलगी घरी जाताना एवढंच घेऊन जाते की आपल्यात तेवढी जिद्द नाही.

अॅना मणींकडे अशी माणसं नव्हती. रामन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर तासन् तास काम केलं, पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर लिहिले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला. एमएस्सी केलेली नाही या कारणासाठी विद्यापीठाने पीएचडी नाकारली. शोधनिबंध होते, मोजमापं होती, बांधलेला प्रबंध होता, आणि एक नियम आडवा आला. तो नियम बदलून घ्यायला, निदान त्यासाठी भांडायला, तिच्या बाजूने संस्थेतलं कुणी का उभं राहिलं नाही, हा प्रश्न मला आजही छळतो. पुढे त्या हवामान खात्यात आल्या, पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या आणि परदेशातून आणावी लागणारी हवामानाची उपकरणं इथेच बनवण्याचा पाया त्यांनी घातला. पीएचडी कधीच मिळाली नाही. तो प्रबंध अजून बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

बिभा चौधुरींचं नाव तर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनाही माहीत नसतं. कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी उंच पहाडांवर फोटोग्राफिक प्लेट ठेवून अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतल्या मेसॉन नावाच्या कणांचं वस्तुमान मोजायचा प्रयत्न केला. १९४० ते ४२ च्या दरम्यान ‘नेचर’मध्ये निबंध छापून आले. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या प्लेट मिळाल्या नाहीत आणि काम थांबलं. त्याच रीतीच्या, पण अधिक चांगल्या प्लेट वापरून ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांनी काम केलं आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाबाई १९४९ मध्ये टीआयएफआरच्या पहिल्या स्त्री संशोधक झाल्या. १९९१ मध्ये वारल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला बिभा हे नाव मिळालं. पण ज्या काळात त्या काम करत होत्या त्या काळात त्यांच्या आजूबाजूला, त्यांच्या कामाबद्दल चार लोकांत बोलणारं, निबंध पुढे रेटणारं, कुठल्या परिषदेत नाव सुचवणारं किती जण होते? विज्ञानात नाव टिकतं ते दुसऱ्यांच्या तोंडी राहिल्याने. ते तोंडी राहायला माणसं जोडलेली असावी लागतात.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आज एमएस्सीच्या वर्गात बघा. बघते, रोज बघते. माझ्या वर्गात आज निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांतही बहुतेक हेच चित्र आहे. पण वर चढत जा. ‘बायसवॉचइंडिया’ हा उपक्रम चालवणाऱ्या दोन स्त्री शास्त्रज्ञांनी देशातल्या शंभरेक संस्थांमधल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या प्राध्यापकांची मोजदाद केली तेव्हा त्यांत बायका जेमतेम १७ टक्के निघाल्या, आणि हे सगळ्या विषयांचं मिळून. विज्ञानातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. भौतिक विज्ञानासाठी तो पहिल्यांदा एका स्त्रीला, अलाहाबादच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेतल्या अदिती सेन दे यांना, मिळायला २०१८ साल उजाडलं. साठ वर्षं. वर्गातल्या मुली मधल्या वाटेत कुठे जातात?

संसारात, असं उत्तर ठरलेलं आहे. इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीज यांनी मिळून २०१० मध्ये एक पाहणी अहवाल काढला. विज्ञानात पीएचडी करूनही संशोधनाबाहेर असलेल्या स्त्रियांना त्यांनी सरळ कारण विचारलं. नोकरी न करणाऱ्या बहुतेक जणींचं उत्तर घरसंसार हे नव्हतं. नोकरी मिळालीच नाही, हे होतं. या कामात रोहिणी गोडबोले होत्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, कणभौतिकीत जगभर नाव मिळवलेल्या रोहिणीताई २५ ऑक्टोबर २०२४ ला गेल्या. शाळेत सातवीपर्यंत मुलींना शास्त्राच्या जागी गृहशास्त्र होतं, हे त्या सांगत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं तर शास्त्र यायला हवं, मग शिक्षकांनी वेगळं शिकवलं आणि तिथून सुरुवात झाली. कुणीतरी परीक्षेबद्दल सांगितलं, कुणीतरी तासाबाहेर शिकवलं. रोहिणीताईंनी उरलेलं आयुष्य नुसतं भौतिकशास्त्र केलं नाही, इतर बायकांची मोट बांधण्यातही घालवलं. भारतीय स्त्री शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचं पुस्तक राम रामस्वामी यांच्याबरोबर संपादित केलं, अकादमीत स्त्रियांच्या प्रश्नावर समिती चालवली, बोलावलं त्या कॉलेजात गेल्या. हा संशोधनातून चोरलेला वेळ होता, असं काही लोक आजही म्हणतात. मला ते ऐकवत नाही. ते काम दुसऱ्या कुणीच करत नव्हतं म्हणून त्यांना करावं लागलं.

एकत्र आल्यावर काय होतं याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचं आहे. नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ. प्रयोगाचे मासे ठेवायला त्यांना थोडी जास्त जागा हवी होती, मिळेना. मग त्यांनी टेप घेतली आणि इमारतीतल्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. आपल्यापेक्षा कनिष्ठ पुरुष सहकाऱ्यांकडेही जास्त चौरस फूट आहेत हे आकड्यांत दिसलं. तोपर्यंत त्यांची समजूत होती की हे आपल्या एकटीच्या नशिबी आहे. वरिष्ठांना लिहिलेलं पत्र त्यांनी जेवताना एका सहकारी बाईंना दाखवलं, आणि त्या म्हणाल्या, मलाही यावर सही करायची आहे. मग विज्ञान शाखेतल्या एकेकीकडे त्या दोघी गेल्या. १९९४ साली त्या शाखेत कायम झालेल्या प्राध्यापक बायका होत्या १५, पुरुष १९४. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, सगळे विभाग धरून. या मूठभर जणी आपापल्या विभागात एकाकी होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतं. १९९९ मध्ये अहवाल बाहेर आला. पगार, जागा, समित्यांवरची नेमणूक, सगळ्यांत फरक होता. एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी प्रस्तावनेत मान्य केलं की भेदभाव हा काही अंशी खरा आणि काही अंशी समजुतीचा असतो असं आपण धरून चाललो होतो. आता कळलं की खऱ्याचा वाटाच फार मोठा आहे.

भौतिकशास्त्राच्या माणसाला हे समजायला सोपं जावं. एकेकटं निरीक्षण म्हणजे गोंगाट. अनेक निरीक्षणं जोडली की त्यातून संकेत वर येतो. एकट्या बाईची तक्रार हा तिचा स्वभाव ठरतो, पंधराजणींची तक्रार हा पुरावा होतो. संस्थांना स्त्रियांची एकजूट अडचणीची वाटते ती याचमुळे, आणि ती हवी तीही याचमुळे.

मी पीएचडीला स्फटिकवाढीवर काम केलं. अतिसंपृक्त द्रावणात स्फटिकाचे बारीक बीजकण आपोआप तयार होत असतात, पण एका ठराविक आकाराहून लहान असतील तर ते टिकत नाहीत, परत विरघळतात. त्या आकाराला क्रांतिक त्रिज्या म्हणतात. ती ओलांडली की तोच कण वाढायला लागतो, आणि मग त्याला थांबवणं कठीण असतं. एका विभागात एक बाई नेमायची आणि प्रतिनिधित्व झालं म्हणायचं, हा क्रांतिक त्रिज्येखालचा कण आहे. ती बाई विरघळते: समितीवर समिती तिच्यावर पडते, पाहुण्यांचा सत्कार तिच्याकडे, मुलींच्या सहलीबरोबर जायचं तिने, आणि चार वर्षांनी तिचे निबंध कमी का असा प्रश्नही तिलाच. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या, मुलींचं प्रमाण आधी १४ टक्के, मग १७, मग २० व्हावं म्हणून, तेव्हा आमच्याच स्टाफरूममध्ये गुणवत्ता बुडाल्याची ओरड झाली. त्या जागा मुलांच्या जागांमधून काढलेल्या नव्हत्या, वर वाढवलेल्या होत्या. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे की प्रयोगशाळेच्या टेबलावर जोडीदारीण मिळण्याची शक्यता निर्माण झाली.

आमच्याकडे, म्हणजे मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्रात, या सोबतीचा एक अगदी व्यावहारिक उपयोग आहे आणि तो शहरातल्या धोरणकर्त्यांच्या लक्षात येत नाही. दोघी असतील तर घरून सोडतात. आयुकात, म्हणजे पुण्याच्या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात, तीन आठवड्यांची कार्यशाळा आहे, एकटीला जाऊ देणार नाहीत. वर्गातली दुसरी येतेय म्हटल्यावर वडील स्वतः स्टँडवर सोडायला येतात. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणाऱ्या एक्सआरडी यंत्राची वेळ रात्री आठला मिळाली, दुसऱ्या विभागातली एक जण थांबणार असेल तर वसतिगृहाची रेक्टर परवानगीच्या कागदावर सही करते. मी हे आदर्श म्हणून सांगत नाही. प्रौढ संशोधक मुलीला रात्री यंत्रावर बसायला कुणाची सोबत लागू नये, आणि फाटकाची वेळ मुलामुलींना एकच असावी, हे मी विद्यापीठाच्या बैठकांत बोलत आले आहे. पण ते होईपर्यंतची पंधरा वर्षं आजच्या मुलीकडे नाहीत. तिला येत्या डिसेंबरात तो नमुना मोजायचा आहे.

जिच्या पाठीशी घरात आधी शिकलेलं कुणीच नाही तिची अडचण दुप्पट होते. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. हप्ता लांबला की पहिली कात्री यांच्या भाड्याला लागते. त्यांचा गाईड हाच त्यांच्यासाठी अख्खं विद्यापीठ असतो. तो चांगला निघाला तर नशीब, वाईट निघाला तर दुसरं दार माहीत नसतं. आणि एवढं करून पुढे काय, तर तासिका तत्त्वावरची नोकरी, म्हणजे सीएचबी. सीएचबीवर आठ-आठ वर्षं काढलेल्या, नेट-सेट-पीएचडी झालेल्या बायका मला माहीत आहेत. कायम जागाच भरल्या जात नसतील तर कितीही सोबत बांधली तरी शेवटची पायरी हवेतच राहते. हे मान्य करूनच मी पुढचं लिहिते आहे. भरती हा सरकारशी भांडायचा विषय आहे, आणि ते भांडणही एकेकटीने होत नाही.

एक विद्यार्थिनी बाळंतपणानंतर पीएचडी सोडायला निघाली होती. मुदत संपत आली, गाईड गप्प, विभागातला लिपिक म्हणाला की नोंदणी रद्द होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांपासून स्त्री संशोधकांना पीएचडीसाठी दोन वर्षं वाढीव मिळतात आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही आहे. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विभागात आणखी तीन मुली पीएचडी करत होत्या, त्यांनाही माहीत नव्हतं, कारण त्यांच्याआधी कुणी ते मागितलंच नव्हतं. नियम चांगला आहे, कागदावर होता, आणि एक संशोधन त्याच्यापासून हाताच्या अंतरावर मरणार होतं.

तिच्यामुळेच आमच्या विभागात शनिवारची बैठक सुरू झाली. पहिल्या दिवशी सात मुली होत्या. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. अर्धा तास फळ्यावर गणित, सोडवणारीने चुकलं तरी खाली बसायचं नाही, पुरं करूनच बसायचं. मग अर्धा तास माहिती: कुठले फॉर्म निघालेत, कोण कुठे गेलं होतं, तिथे राहायचं कसं, मुलाखतीत काय विचारलं. भाषण नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाहीत. फोटो नाहीत हा मुद्दा प्राचार्यांना पटायला वेळ लागला, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये स्त्री-पुरुष समानतेचे उपक्रम दाखवावे लागतात आणि दाखवायला फोटो लागतो. मी त्यांना म्हटलं, फोटोऐवजी यादी देते: या वर्षी कोणी कुठे अर्ज केला आणि कोण कुठे पोचली. ती यादी आता दर वर्षी जाते.

दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याने विचारलं, मुलांनी काय पाप केलंय? प्रश्न रास्त होता. गावाकडून आलेली, इंग्रजीला बिचकणारी मुलंही टपरीच्या कडेलाच उभी असतात, हे मला दिसत होतं. आम्ही माहितीचा अर्धा तास सगळ्यांना खुला केला. मुलींचा वेगळा अर्धा तास मात्र ठेवला, आणि तो कधीही सोडणार नाही. कारण काही गोष्टी तिथेच बोलल्या जातात. गाईड रात्री उशिरा फोन करतो, काय करू? अंतर्गत तक्रार समितीकडे गेले तर माझ्या प्रबंधाचं काय होईल? प्रयोगशाळेच्या इमारतीत मुलींचं स्वच्छतागृह नाही, पाळीच्या दिवसांत सहा तासांचं प्रयोगाचं सत्र कसं करू? हा शेवटचा प्रश्न ज्या दिवशी विचारला गेला त्या दिवशी खोलीतल्या सगळ्याजणींनी माना डोलावल्या. तोवर प्रत्येक जण गुपचूप शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या इमारतीत जात होती. अकरा सह्यांचा अर्ज गेला आणि पाच महिन्यांत स्वच्छतागृह झालं. एकटीचा तोंडी अर्ज त्याआधी दोनदा जाऊन आलेला होता.

देशाच्या पातळीवर हे कुणी मांडलेलंच नाही असं नाही. इंडियन फिजिक्स असोसिएशनने स्त्री-पुरुष समानतेसाठी कार्यगट नेमला, २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात परिषद झाली आणि त्यातून हैदराबाद सनद आली. तिचा गाभा मला फार महत्त्वाचा वाटतो: तफावतीचं मूळ बायकांच्या कुवतीत शोधू नका, संस्थांच्या रीतीत शोधा, आणि सुधारणेची जबाबदारी भौतिकशास्त्राच्या व्यवसायाने घ्यावी. बहिःस्थ परीक्षक म्हणून मी ज्या ज्या विभागात जाते तिथे या सनदेबद्दल विचारते. बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखांनी नाव ऐकलेलं नसतं.

जबाबदारी व्यवसायाची, तर काम कामाच्या तासांत धरलं पाहिजे. माझी हीच मागणी आहे आणि तिच्यावरच माझं अडलं आहे. शनिवारची बैठक मी नऊ वर्षं घेते. कार्यभारात ती धरली जात नाही, पदोन्नतीच्या फाइलमध्ये तिला रकाना नाही. मी निवृत्तीला आलेय, मला फरक पडत नाही. पण माझ्यानंतर जिने ही घ्यावी असं मला वाटतं ती सीएचबीवर आहे, तिला तासाचे पैसे मिळतात, आणि या तासाचे मिळणार नाहीत. तिच्याकडून मी फुकट कष्ट मागायचे, तेही बायकांच्या भल्यासाठी? जे काम संस्थेचं आहे ते बाईच्या चांगुलपणावर ढकलायची ही जुनीच रीत आहे.

सावित्रीबाई फुले १८५६ मध्ये आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात शाळेतल्या सहकारी फातिमाची काळजी आहे: आपण नसताना सगळा भार तिच्यावर पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीसुद्धा हे काम एकटीचं नव्हतं, आणि ते कुरकुर न करता चालतं म्हणून बाकीच्यांनी निर्धास्त राहावं असंही सावित्रीबाईंना वाटलं नव्हतं. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आपण उभं केलं त्यांचं एवढं तरी ऐकायला हवं.

अभ्यास मंडळाकडे मी दिलेला प्रस्ताव छोटा आहे. एमएस्सीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास या बैठकीसाठी राखावा, तो घेणाऱ्या व्यक्तीच्या कार्यभारात धरावा, सीएचबी असेल तर मानधन द्यावं, आणि वर्षाला दोन मुलींच्या जोडीला एखाद्या कार्यशाळेचं येण्याजाण्याचं भाडं विभागाने द्यावं. गेल्या बैठकीत विषय पुढे ढकलला गेला. एका सदस्यांनी सुचवलं की तास संध्याकाळी पाचनंतर ठेवा, म्हणजे नेहमीच्या तासिकांना धक्का लागणार नाही. मी बुधवारी दुपारी दोन ते तीनवर ठाम आहे. आमच्याकडून आतल्या गावांना जाणारी शेवटची सोयीची एसटी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते.